सिंगापूर करायचं, तर आधी हाँगकाँग पाहा

बसस्थानक ते तहसील हा आमच्या तालुक्याच्या गावातला मुख्य रस्ता सिमेंटचा झाला आणि महिनाभरातच त्याच्या कडेचे ठेले, पालं, भाजीवाल्या बायांच्या ताडपत्र्या एका सकाळी जेसीबी लावून उठवण्यात आल्या. तेव्हापासून गावात दोन तट पडले आहेत. एका तटात डॉक्टर, पक्क्या दुकानांचे मालक, पेन्शनर आणि टूरवाल्यांसोबत परदेश पाहून आलेले लोक. त्यांचं म्हणणं ठरलेलं: "सिंगापुरात जाऊन पाहा, रस्त्यावर कागदाचा कपटा दिसत नाही. आपल्या लोकायले शिस्तच नाही राजेहो, यायले दंडुकाच पायजे." दुसऱ्या तटात कार्यकर्ते, काही शिक्षक, बरेच तरुण. त्यांचं उत्तरही ठरलेलं: सिंगापूर म्हणजे हुकूमशाही, गरिबाला हाकलून केलेला चकचकाट, आम्हाला आमचा गजबजलेला बाजारच बरा. वाद पानठेल्यावर होवो की नगरपंचायतीच्या सभेत, सिंगापूरचं नाव दोन्हीकडून निघतं आणि दोन्हीकडून भलत्याच कामाला जुंपलं जातं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सिंगापूरकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते शिस्त नव्हे. त्या शहरानं माणसाला आधी जागा दिली आणि मग नियम लावला. आपण नियम आज लावतो आणि जागेचं पुढच्या सभेत बघू म्हणतो. हे माझ्या लक्षात सिंगापुरात आलं नाही, हाँगकाँगमध्ये आलं. मुलगी सिंगापूरला नोकरीला असल्यानं तिच्याकडे राहणं झालं आणि तिथूनच पुढे हाँगकाँगही पाहून घेतलं. सिंगापूरची तुलना आपल्या तालुक्याशी केली तर पैसा, इतिहास, भाषा, हवामान, सगळंच वेगळं निघतं; मग ज्याला जे कारण आवडतं ते तो उचलतो. तुलना करायची तर सारख्याशी करावी.

ही दोन शहरं किती सारखी आहेत ते पाहा. दोन्ही इंग्रजांनी वसवलेली बंदरं. सिंगापुरात त्यांनी १८१९ मध्ये पाय ठेवला, हाँगकाँग १८४२ च्या तहानं घेतलं. दोन्हीकडे बहुसंख्य लोक चिनी वंशाचे. शेती जवळपास नाही. प्यायचं पाणीसुद्धा बऱ्याच अंशी शेजाऱ्याचं, एकाला मलेशियातल्या जोहोरचं, दुसऱ्याला चीनमधल्या डोंगजियांग नदीचं. दोन्ही शहरांचं क्षेत्रफळ एकत्र केलं तरी यवतमाळ जिल्ह्याचा सातवा हिस्सा भरेल, आणि आपल्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार २७ लाख ७२ हजार माणसं, तर तिथे मिळून सव्वा कोटीच्या वर. दंडुकाही दोघांकडे आहे. सिंगापुरात १९९२ पासून च्युइंगगम विकायला बंदी आहे, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण कचरा टाकल्याचा दंड हाँगकाँगनं २०२३ मध्ये दुप्पट करून ३,००० हाँगकाँग डॉलर केला, हे कोणी सांगत नाही. दोन्हीकडे मेट्रो मिनिटाला मिनिट धरून येते, दोन्हीकडे लोक रांगेत उभे राहतात. आता मला सांगा, शिस्तीनंच सगळं होत असेल, तर या दोन शहरांतल्या साध्या माणसाचे दिवस सारखे जायला हवेत. जातात का?

घरापासून सुरुवात करू. १९५३ च्या नाताळच्या रात्री हाँगकाँगच्या शेक किप मेई या झोपडवस्तीला आग लागली आणि ५० हजारांवर लोक उघड्यावर आले. सिंगापुरात १९६१ च्या मे महिन्यात बुकित हो स्वी या वस्तीत तसंच झालं, सुमारे १६ हजार लोक बेघर झाले. दोन्ही सरकारांनी आगीनंतर गरिबांसाठी इमारती बांधायला घेतल्या. म्हणजे सुरुवातही सारखीच. पुढे मात्र वाटा फुटल्या. सिंगापूरनं १९६० मध्ये काढलेल्या गृहनिर्माण मंडळाला थांबूच दिलं नाही. आज तिथल्या रहिवाशांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त लोक या मंडळाच्या घरांत राहतात, आणि त्यातले बहुतेक ९९ वर्षांच्या पट्ट्यावर मालक आहेत. हाँगकाँगनं काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल, तिथेही निम्म्याच्या आसपास लोक सरकारी किंवा सवलतीच्या घरांत आहेत. पण उरलेल्यांना बाजारावर सोडलं. सरकारी भाड्याच्या घरासाठी नंबर लागायला सरासरी पाच वर्षांच्या आसपास जातात. तोवर? एका घराचे फळ्या ठोकून पाच-सहा भाग पाडलेले असतात, त्यात दोन लाखांहून जास्त लोक राहतात. अशा एका इमारतीच्या जिन्यात मी उभा होतो. एका दारावर विजेचे मीटर ओळीनं लावलेले. मला आधी वाटलं, हे पूर्ण मजल्याचे असतील. ते एकाच घराचे होते.

आणि गंमत अशी की जमीन दोन्हीकडे सरकारचीच. हाँगकाँगमध्ये एक जुनं चर्च सोडलं तर सगळी जमीन सरकारी मालकीची, लोकांकडे फक्त पट्टे. म्हणजे 'सरकारकडे जागाच नव्हती' ही सबब तिथे चालत नाही. फरक एवढाच की हाँगकाँगच्या सरकारनं कर कमी ठेवले आणि तिजोरी बऱ्याच अंशी जमिनीच्या लिलावावर चालवली. ज्याची कमाई जमिनीच्या भावावर अवलंबून, तो भाव पडू देईल का? मन विचाराल तर माझं हाँगकाँगमध्येच जास्त रमलं, हेही सांगतो. शहराचा चाळीस टक्के भाग राखून ठेवलेले डोंगर आणि झाडी, १९०४ पासून चालत आलेली आणि आता दुमजली असलेली ट्राम, अनोळखी माणसाच्या शेजारी बिनदिक्कत बसवून जेवायला वाढणारी खानावळ. सिंगापूर त्यापुढे जरा इस्त्री केल्यासारखं वाटतं. पण पाहुण्याचं मन रमणं वेगळं आणि तिथे जन्म काढणं वेगळं.

रविवारी हाँगकाँगच्या सेंट्रल भागात बँकांच्या उंच इमारतींखाली फिलिपाइन्स आणि इंडोनेशियाच्या हजारो बाया पुठ्ठे अंथरून बसलेल्या दिसतात. या घरकामाच्या बाया. कायद्यानं त्यांना मालकाच्याच घरी राहावं लागतं, त्यामुळे सुटीच्या दिवशी जायला स्वतःची चार भिंतींची जागा नाही. त्या तिथेच जेवतात, एकमेकींचे केस विंचरतात, गावाकडे फोन लावतात आणि संध्याकाळी पुठ्ठे घडी करून, कचरा पिशवीत भरून निघून जातात. यांना शिस्त नाही असं कोण म्हणेल? तरी रस्ता अडवून बसणाऱ्यांत त्यांची गणती होतेच. सिंगापूरनंही सगळ्यांना जागा दिली असं समजू नका. तिथल्या इमारती बांधणारे तामिळ आणि बांगलादेशी मजूर शहराच्या कडेच्या डॉर्मिटरीत दाटीनं राहतात, आणि २०२० मध्ये कोरोना सगळ्यात जास्त तिथेच फोफावला. ज्याला हिशेबात धरलं त्याला घर, ज्याला धरलं नाही त्याला खाट, असा तो मामला आहे.

आता ठेल्यांकडे येतो, कारण आपला वाद त्यावरचाच आहे. १९६० च्या दशकात सिंगापूरचे रस्ते फेरीवाल्यांनी भरलेले होते. नळ नाही, गटार तुंबलेलं, उंदीर. सरकारनं आधी काय केलं? १९६८-६९ मध्ये गावभरच्या फेरीवाल्यांची नोंदणी केली. मग १९७१ पासून छप्पर असलेली, नळ-वीज-मोरी-शौचालय असलेली केंद्रं बांधायला घेतली आणि जशी केंद्रं तयार झाली तसं लोकांना हलवलं. हे काम संपायला १९८६ उजाडलं. पंधरा वर्षं! आपल्याकडे पंधरा दिवसांची नोटीस मिळाली तरी लोक साहेबांचे उपकार मानतात. आज तिथे शंभरावर अशी केंद्रं आहेत, टॅक्सीवाला आणि बँकेचा साहेब एकाच टेबलावर जेवतात, आणि २०२० मध्ये युनेस्कोनं या खाद्यपरंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. हाँगकाँगनंही मंडईच्या इमारती बांधल्या, त्यांच्या वरच्या मजल्यांवर काही खाणावळवाले बसवले. पण १९७० च्या दशकापासून नवे फेरीवाला परवाने देणं जवळजवळ बंद केलं. जुने म्हातारे होऊन संपतील, असा हिशेब. २०१६ च्या चिनी नववर्षाच्या रात्री माँगकॉक भागात माशाचे गोळे विकणाऱ्या फेरीवाल्यांवर कारवाई सुरू झाली, लोक त्यांच्या बाजूनं उतरले आणि रात्रभर दगड-विटा चालल्या. त्यामागे राजकारणही होतं, ते नाकारत नाही. पण एका शहरात ठेला वारसा होतो आणि त्याच्या जुळ्या भावासारख्या शहरात दंगलीचं निमित्त, याचं कारण लोकांच्या स्वभावात शोधणार का?

सिंगापूरच्या उपजत शिस्तीचंही जरा बघू. जेवणाच्या वेळी तिथल्या केंद्रात गेलात तर रिकाम्या टेबलांवर कागदी रुमालांची पुडकी ठेवलेली दिसतात. आधी पुडकं ठेवून टेबल धरायचं, मग जेवण आणायला रांगेत लागायचं. यवतमाळच्या स्टँडवर एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणाऱ्या माणसाला तिथे अजिबात परकं वाटणार नाही. आणि उष्टे ट्रे? वर्षानुवर्षं लोक ते टेबलावर तसेच टाकून उठत. आवाहनं झाली, फलक लागले, काही उपयोग झाला नाही. शेवटी ठिकठिकाणी ट्रे ठेवायची कपाटं वाढवली आणि २०२१ च्या सप्टेंबरपासून दंडाची कारवाई सुरू केली, तेव्हा सवय लागली. म्हणजे स्वातंत्र्यानंतर ५६ वर्षांनी. कपाट आधी, दंड नंतर, हा क्रम मात्र तिथे चुकला नाही.

इथे पहिल्या तटाचा सगळ्यात वजनदार मुद्दा मान्य करायला हवा: जागा देऊनही माणसं घाण करतात. खरं आहे. नव्या सरकारी दवाखान्याच्या जिन्याचे कोपरे तंबाखू-सुपारीच्या खर्र्यानं लाल व्हायला महिना लागत नाही, आणि थुंकणाऱ्याला जागेची अडचण नव्हती. दंड हवाच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तोच खर्रा खाणारा माणूस शेगावला जातो तेव्हा काय होतं? गजानन महाराजांच्या मंदिरात तो पुडी खिशात ठेवतो, चपला नेमून दिलेल्या ठिकाणी काढतो, तासनतास बारीत गुमान बसतो. श्रद्धेमुळे, असं तुम्ही म्हणाल. श्रद्धा तर इतर देवस्थानांतही आहे, मग तिथे भिंती का रंगतात? शेगावला बसायला बाक आहे, प्यायला पाणी आहे, स्वच्छ शौचालय आहे, आणि पावलोपावली हात जोडून 'माउली' म्हणत वाट दाखवणारा सेवेकरी आहे. माणूस तोच, त्याला मिळालेली वागणूक वेगळी. आपल्या बसस्थानकावर त्याला यातलं काय मिळतं, हे विचारून मग त्याच्या संस्कारांवर बोलावं.

दुसऱ्या तटाचाही एक मुद्दा असा आहे की तो टाळून पुढे जाता येत नाही. सिंगापूरनं जागा दिली, पण घेतली कोणाकडून? १९६६ च्या भूसंपादन कायद्यानं सरकारला हवी ती जमीन ताब्यात घेता आली, मोबदलाही बरीच वर्षं बाजारभावाच्या खाली राहिला. १९५९ पासून तिथे एकच पक्ष सत्तेवर आहे, विरोधात बोलणाऱ्यांना कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. विदर्भातल्या कास्तकाराला हे ऐकून काय वाटेल? बेंबळा आणि गोसीखुर्दच्या धरणांत ज्यांची गावं गेली त्यांना 'सार्वजनिक हित' या शब्दांची वेगळी व्याख्या करून सांगावी लागत नाही. तसलं संपादन मला नको आहे. पण आपल्या तालुक्याच्या गावाला त्याची गरज तरी कुठे आहे? गावठाणाला लागून नझूलची, म्हणजे सरकारी मालकीची, जमीन आहे. बाहेर ई-क्लास, म्हणजे गुरं चारायची सरकारी जमीन आहे, तिच्यावर गुरं कमी चरतात आणि बलवानांची कुंपणं जास्त उभी राहतात. मालकाकडून काही हिसकावून घ्यायचं नाही, सरकारच्या हातात आहे तेच कोणाला द्यायचं हे ठरवायचं आहे. हाँगकाँग आणि सिंगापूर यांच्यात फरक पडला तो नेमका याच प्रश्नावर.

जाता जाता सिंगापूरभक्तांना एक विचारतो. तिथल्या सरकारी घरांत १९८९ पासून असा नियम आहे की एका इमारतीत चिनी, मलय, भारतीय यांचं प्रमाण ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाता कामा नये. एकाच वंशाची वस्ती वेगळी पडू नये म्हणून. ही शिस्त आपल्याकडे आणायची का? घरकुलाच्या वाटपात कोणाचं घर कोणाच्या शेजारी येईल हे सरकारनं ठरवायचं म्हटलं, तर आज दंडुक्याची मागणी करणारे किती जण सभेत थांबतील?

'बाजार आहे तसाच राहू द्या' म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. आठवडी बाजाराची गजबज, आलूबोंड्याच्या कढईचा वास, ओळखीच्या बाईनं तोलल्यावर वरून टाकलेली मूठभर सांभार म्हणजे कोथिंबीर, हे सगळं मलाही प्रिय आहे. पण त्या बाईला विचारा. आमच्याकडे भाजी घेऊन बसणारी एक मावशी सकाळच्या पहिल्या एस.टी.नं येते आणि दिवे लागणीला परतते. ती दिवसभर पाणी पीत नाही. का, तर लघवीला जायला जागा नाही. "एक डाव गेलो होतो पेट्रोल पंपावर, हाकललं त्यायनं," असं तिनं मला तोडून सांगितलं. तिच्या ताडपत्रीखाली नाली आहे, समोरून ट्रक जातो, आणि संध्याकाळी ठेकेदाराचा माणूस वसुलीची चिठ्ठी फाडतो. बाजाराच्या जिवंतपणाचं कौतुक करणारे आपण मोटरसायकलवरून न उतरता भाजी घेतो. आणि ज्या नगरपंचायतीच्या नावानं रोज चिठ्ठी फाटते, तीच नोटिशीत तिला 'अतिक्रमणधारक' कशी म्हणते? पैसे घेताना गिऱ्हाईक आणि उठवताना चोर?

आपल्या मुलखाला हा धडा नवा नाही. कापसाच्या व्यवहाराला नियम लावलेला बाजार देशात सगळ्यात आधी वऱ्हाडातल्या कारंजाला १८८६ मध्ये उभा राहिला, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. इंग्रजांना आपला कळवळा नव्हता, त्यांना मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी चांगला कापूस हवा होता. पण व्यवहारात घोळ आहे म्हणून त्यांनी कास्तकाराच्या संस्कारांवर प्रवचन दिलं नाही. बाजाराची जागा जाहीर केली, समिती नेमली, दलाल आणि मापाऱ्यांना परवाने लावले. त्यानंतरच आवाराबाहेरच्या सौद्याला बेकायदा म्हणता आलं. गाडगेबाबांचंही तसंच. सरकारी भिंतींवर आपण त्यांचा खराटा रंगवतो, कारण खराटा फुकट असतो. त्यांनी पूर्णेकाठी ऋणमोचनला घाट बांधला, पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या, हे त्या भिंतीवर येत नाही. यात्रेकरू घाण करतात हे बाबांना दिसत होतंच. तो रात्री झोपतो कुठे, हेही त्यांनी पाहिलं.

राहिला पैशाचा मुद्दा. 'सिंगापूर श्रीमंत, आपली नगरपंचायत कंगाल' हे ऐकायला बरं वाटतं, पण सिंगापूरनं ठेलेवाल्यांची नोंदणी सुरू केली तेव्हा त्याला मलेशियातून वेगळं होऊन तीनच वर्षं झाली होती. आणि इथे मागणी मॉलची नाही. पत्र्याचं छप्पर, ओटे, नळाची लाइन, नाली, बायांसाठी बंद दाराचं शौचालय. जितक्यात त्या सिमेंट रस्त्याच्या मधोमध शोभेचे दिवे लागले तितक्यात यातलं बरंच झालं असतं. कायदाही आधीच आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे आधी सर्वेक्षण करायचं, विक्रेत्यांना प्रमाणपत्रं द्यायची, आणि ते होईपर्यंत कोणाला उठवायचं नाही. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं. पथविक्रेता समितीत चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनीच निवडलेले, त्यातल्या एक तृतीयांश बाया. जेसीबी आणणाऱ्यांनीही हा कायदा वाचला नाही आणि जेसीबीपुढे घोषणा देणाऱ्यांनीही नाही.

या भांडणात एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या नजरेतून सुटली आहे. जुन्या कोंडवाड्याच्या नझूल जागेवर नगरपंचायत व्यापारी संकुल बांधणार आहे, गाळ्यांचा लिलाव होणार आहे आणि जो जास्त बोली लावील त्याला गाळा मिळणार आहे. उत्पन्न वाढेल, हे खरं. हाँगकाँगचंही वाढलं होतं. ज्यांना रस्त्यावरून उठवलं त्यांच्यातला एकही माणूस त्या अनामत रकमेच्या जवळपास जाऊ शकत नाही. तो उद्या पुन्हा त्याच सिमेंट रस्त्याच्या कडेला ताडपत्री टाकील, आणि आपण पुन्हा म्हणू, या लोकांना शिस्त नाही. नोटीस फलकावर लागली आहे. तिच्यात अनामत रक्कम आहे, मासिक भाडं आहे, जीएसटीसुद्धा आहे. उठवलेल्या विक्रेत्यांसाठी राखीव ओट्यांबद्दल एक ओळ नाही. हरकती घ्यायची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे, आणि अर्ज साध्या कागदावरही चालतो.